सगळ्यांनाच होतं

४३ टक्के. लैंगिक अडचणींबद्दल इंटरनेटवर काहीही वाचायला घ्या, हा आकडा तिसऱ्या-चौथ्या ओळीत भेटतोच. ‘४३ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांना लैंगिक समस्या असतात.’ कुणाला, कुठे, कधी, काही नाही. जणू जगातल्या सगळ्या बायका-पुरुषांना रांगेत उभं करून कुणीतरी मोजून घेतलंय.

मी पोटापाण्यासाठी सर्वेक्षणांचे आकडे साफ करते. त्यामुळे आकडा दिसला की पहिला प्रश्न मनात येतो तो, विचारलं काय होतं? हा आकडा अमेरिकेतला आहे. १९९२ साली तिथे एक मोठं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १८ ते ५९ वयाच्या १,७४९ स्त्रिया आणि १,४१० पुरुषांच्या उत्तरांवर आधारलेला निबंध फेब्रुवारी १९९९मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रश्न सात गोष्टींबद्दल होते. गेल्या वर्षभरात काही महिने तरी असं झालं का, की इच्छाच झाली नाही, उत्तेजित व्हायला अडचण आली, परमोच्च बिंदू आलाच नाही, फार लवकर आला, दुखलं, सुख वाटलं नाही, किंवा ‘आपल्याला जमेल ना’ अशी धास्ती वाटली? उत्तर, होय किंवा नाही. पुढे सांख्यिकीची बरीच कसरत झाली, पण मूळ माल हाच.

आता या सात प्रश्नांत कोण कोण सापडेल बघा. चार महिन्यांचं बाळ कुशीत असलेली बाई. नोकरी गेलेला माणूस. नवऱ्याशी दिवाळीपासून अबोला धरलेली बायको. वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर झोपणारा मुलगा. यांच्यापैकी कुणाला इच्छा झाली नाही, तर शरीर बिघडलंय म्हणायचं की शरीराला परिस्थिती बरोबर कळली म्हणायचं? आपला आकडा म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे, हे लेखकांनीही नोंदवलं होतं. पण असल्या तळटीपा आकड्यांबरोबर प्रवास करत नाहीत.

काळही लक्षात घ्यायला हवा. मार्च १९९८मध्ये अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली होती. मुळात छातीत दुखण्यावर तपासलं जाणारं हे औषध भलत्याच गुणामुळे जगप्रसिद्ध झालं, आणि बायकांसाठीही अशीच एखादी गोळी सापडेल का, याचा शोध सुरू झाला. त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी दोघांचे फायझर कंपनीशी संबंध होते, हे प्रसिद्धीनंतर जाहीर झालं. २००३ साली रे मॉयनिहान या पत्रकाराने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की इथे एक नवा आजारच घडवला जातोय. मला त्याचं म्हणणं बरंचसं पटतं. बरंचसं, सगळं नाही. का, ते पुढे येईल.

त्यानंतरच्या संशोधकांनी एक साधा प्रश्न वाढवला. तुम्हाला याचा त्रास होतो का?

या एका प्रश्नाने आकडे असे कोसळले, की पाहतच राहावं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. अडचण आहे म्हणणाऱ्या, पुन्हा ४३ टक्केच. अडचण आहे आणि तिचा त्रासही होतो अशा, १२ टक्के. ब्रिटनमध्ये २०१० ते २०१२ या काळात १५ हजारांवर लोकांशी बोलून केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्या स्त्रियांनी आणि दहातल्या चार पुरुषांनी वर्षभरात काही ना काही अडचण आल्याचं सांगितलं. आपल्या कामजीवनाबद्दल चिंता किंवा त्रास वाटतो असं म्हणणारे मात्र दोन्हीकडे दहा-अकरा टक्केच. आणि मानसोपचारतज्ज्ञ २०१३पासून वापरतात ते कडक निकष, म्हणजे किमान सहा महिने, जवळजवळ प्रत्येक वेळी, आणि मनस्ताप होण्याइतकं, हे याच माहितीला लावल्यावर उरले ४.२ टक्के पुरुष आणि ३.६ टक्के स्त्रिया.

म्हणजे निम्मं जग की शंभरातले चार? दोन्ही आकडे प्रामाणिकच आहेत. प्रश्न बदलला, एवढंच.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्रास होत असेल तरच आजार, हा नियम मला सभ्य वाटतो. ज्याला लैंगिक आकर्षण वाटतच नाही आणि त्याबद्दल ज्याची काही तक्रारही नाही, त्याला रोगी ठरवणारे आपण कोण? साठीतलं एखादं जोडपं आता फक्त हात धरून झोपत असेल आणि दोघंही खुशीत असतील, तर कुठल्या कंपनीला त्यांच्या खोलीत डोकावायचा अधिकार आहे? मियाँ-बीवी राजी, तर डॉक्टर कशाला हवा? आपल्या शरीराबद्दल शेवटचा शब्द आपला, असं हा नियम म्हणतो. तरुणपणी असा नियम आवडणं साहजिक आहे.

पण त्रास ही काय वस्तू आहे, ती येते कुठून, हे बघायला लागल्यावर माझं हायसं वाटणं ओसरलं.

आधी पुरुषांकडे बघू. २००५ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच देण्यात आलं, आणि ते चालू-बंद करायची जबाबदारी बाईकडे. संभोगाचा मध्यक कालावधी निघाला ५.४ मिनिटं. म्हणजे निम्मे पुरुष त्याच्या आतले. सर्वांत कमी अर्धं मिनिट, सर्वांत जास्त ४४ मिनिटं. साडेपाच मिनिटं म्हणजे विविध भारतीवरचं एक गाणं आणि पुढची एखादी जाहिरात. हे माझ्या ओळखीच्या दोन-तीन मुलग्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यांच्या डोक्यातला काटा अर्ध्या तासावर होता. तो तिथे कुणी नेऊन ठेवला, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आपल्याकडे या भीतीला जुनं नाव आहे. ‘धातू जाणं’. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, म्हणून तो गेला की ताकद गेली, बुद्धी गेली, तेज गेलं. झोपेत वीर्यस्खलन झालेला सोळा वर्षांचा मुलगा महिनोन्‌महिने स्वतःला मरणपंथाला लागलेला समजतो. पाठ दुखते, भूक लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. तपासलं तर शरीरात काहीच बिघाड नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. ही खास आपलीच खोड आहे असंही कुणी समजू नये. स्वित्झर्लंडमधल्या तिसो नावाच्या डॉक्टरने १७६० साली हस्तमैथुनाच्या भयंकर परिणामांवर पुस्तक लिहून सगळ्या युरोपला असंच घाबरवलं होतं.

भीती असली की दुकान येतंच. रेल्वेच्या खिडकीतून शहर जवळ आल्याचं कळतं ते भिंतींवरून, ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’, ‘शर्तिया इलाज’. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९५४च्या कायद्याने बंदी आहे. कायदा सत्तरीत पोहोचला, भिंती अजून रंगवल्या जातायत. आता तर भिंतीही लागत नाहीत. रात्री बारा वाजता रील्समध्ये एखादा पिळदार मुलगा येऊन सांगतो, की नव्वद दिवस वीर्य राखलं तर डोळ्यांत वेगळीच चमक येते. तेच चाळीस थेंब, फक्त इंग्रजी पार्श्वसंगीतावर.

तेव्हा पुरुषांच्या बाबतीत असं होतं, की शरीर धडधाकट आणि त्रास मात्र खराखुरा. ‘त्रास होतो का’ असं विचारलं तर तो कळवळून ‘होय’ म्हणेल. त्याचा त्रास खोटा नाही. पण त्याच्या शरीरातला दोष खोटा आहे, आणि तो त्याला विकला गेलाय.

बायकांकडे वळलं की चित्र नेमकं उलटं होतं. मराठवाड्यात आम्ही एकदा घरगुती पाण्याची पाहणी करत होतो. एका वस्तीवर बहुतेक बायकांनी ‘पाण्याची अडचण आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर दिलं. आम्ही प्रश्न बदलला. ‘आज सकाळी उठल्यापासून काय काय केलं?’ तेव्हा कळलं की पहाटे चारला उठून दोन खेपा, संध्याकाळी आणखी एक. दीड किलोमीटर जायचं, दीड यायचं. मी एकीला म्हटलं, “अहो मावशी, मग अडचण नाही कसं म्हणालात?” ती म्हणाली, “अडचण कशाची बाई? पानी तर आणावंच लागतंय.”

अमर्त्य सेन यांनी एका जुन्या पाहणीचा दाखला अनेकदा दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतरच्याच वर्षी, १९४४मध्ये, कलकत्त्याजवळ सिंगूर इथे लोकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या २.५ टक्के. त्या काळच्या बंगाली विधवेच्या ताटात काय पडत असे, हे आठवलं की त्या अडीच टक्क्यांचा अर्थ लागतो. त्या निरोगी नव्हत्या. तक्रार करण्याजोगं आपल्या वाट्याला काही असू शकतं, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे मनात ठेवून आपल्याकडचा एक आकडा बघा. दक्षिण भारतातल्या ग्रामीण भागात केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लैंगिक विकार आढळले सुमारे २१ टक्के पुरुषांत आणि १४ टक्के स्त्रियांत. अमेरिकेत स्त्रिया पुढे, इथे पुरुष. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, निकष वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून फार ताणू नयेत, हे माझ्या धंद्यामुळे मला कळतं. तरीही मला तो १४चा आकडा सुखाचा वाटत नाही. मला त्यात ‘पानी तर आणावंच लागतंय’ ऐकू येतं.

माझ्या एका मैत्रिणीचं लग्न झालं तेव्हा ती २६ वर्षांची होती. सगळं रीतसर, पत्रिका-बित्रिका बघून. नवरा चांगला, म्हणजे खरोखर चांगला. पहिल्या रात्रीपासून तिला दुखत होतं. दुखणं म्हणजे थोडंफार नाही, अंग लाकडासारखं कडक व्हायचं आणि पुढे काही होऊच शकायचं नाही. तिने मोठ्या बहिणीला विचारलं. “सगळ्यांनाच दुखतं गं सुरुवातीला.” डॉक्टरकडे गेली. त्या बाईंनी वेदनाशामक गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, सवय होईल. सासूबाईंनी वर्ष उलटायच्या आत सोमवार धरायला लावले, कारण पाळणा हलत नव्हता. तो का हलत नाही, हे त्या घरात दोनच माणसांना माहीत होतं आणि ती दोघं एकमेकांशीही त्यावर बोलत नव्हती. चौदा महिने.

त्याला योनीआकर्ष म्हणतात. आत काही जाणार या धास्तीने योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात, बाईने ठरवून काही होत नाही. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. टप्प्याटप्प्याने सराव करून घेतात, जोडप्याशी बोलतात, आणि बहुतेकींना बरं वाटतं. मैत्रिणीलाही वाटलं. पण त्या चौदा महिन्यांत कुणी सर्वेक्षणवाला तिच्या दारात आला असता आणि ‘काही समस्या?’ असं विचारलं असतं, तर ती ‘नाही’ म्हणाली असती. तिनेच मला सांगितलं हे. “जे सगळ्यांना होतं ती समस्या कशी?”

मी इतके दिवस ज्या वाक्याभोवती घुटमळतेय ते हेच. ‘सगळ्यांनाच होतं.’ धातूच्या भीतीने झोप उडालेल्या मुलाला हे वाक्य सांगा, तो सुटतो. हेच वाक्य माझ्या मैत्रिणीला सांगितलं गेलं, आणि ती चौदा महिने अडकली. वाक्य एक, आकडाही कदाचित एकच. ‘किती सामान्य आहे’ या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे स्वतःहून दिलासाही नसतं आणि धोकाही नसतो. ते कुणाला, कोण, कशासाठी सांगतंय, यावर सगळं अवलंबून.

पुरुषांनाही हा दिलासा नेहमी पचतोच असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५२ टक्क्यांना ताठरतेची थोडी किंवा फार अडचण होती. निम्म्यांना होतं म्हणजे वयच झालं, असं म्हणून माणूस गप्प बसतो. पण शिश्नाच्या रोहिण्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटर. चरबी साठू लागली की अरुंद नळी आधी तुंबते. काहींच्या बाबतीत ताठरता जाणं ही हृदयविकाराची दोन-चार वर्षं आधी आलेली चिठ्ठी असते. मधुमेह, रक्तदाब, नैराश्यावरच्या काही गोळ्या, या सगळ्यांचं इथे येणंजाणं असतं. बाबांच्या वयाच्या माणसाला हे सांगणार कोण? ते मेडिकलच्या काउंटरवर मोबाइलचा स्क्रीन पुढे करतात, दुकानदार न बोलता कागदी पिशवी सरकवतो, आणि साखर तपासायची राहून जाते.

आता मॉयनिहानचं म्हणणं मला पूर्ण का पटत नाही, ते सांगते. अमेरिकेत घरोघरी तक्रारी फुगवून विकल्या जात असतील, तर त्यावर टाचणी हवीच. २०१५ साली स्त्रियांच्या इच्छेसाठीची गोळी तिथे दोनदा नाकारली गेल्यावर तिसऱ्या प्रयत्नात मंजूर झाली, तेव्हाही ती टाचणी उपयोगी पडली. पण जिथे तक्रार करायला शब्दच नाही, तिथे ‘हा आजार नाही, बाजाराने घडवलाय’ असं म्हणणं आणि ‘सवय होईल’ असं म्हणणं यांत रुग्णाच्या बाजूने फारसा फरक पडत नाही.

आणि दोष कुणाचा म्हणायचा? ५२ हजारांहून अधिक अमेरिकी लोकांच्या एका पाहणीत, शरीरसंबंधात बहुतेक वेळा किंवा नेहमी परमोच्च बिंदू गाठतो असं म्हणणारे भिन्नलिंगी पुरुष होते ९५ टक्के. भिन्नलिंगी स्त्रिया ६५ टक्के. समलिंगी स्त्रिया ८६ टक्के. शरीर तेच, बाईचंच. सोबतचं माणूस बदललं, एवढ्यावर वीस टक्क्यांचा फरक पडत असेल, तर ‘स्त्रीमधील बिघाड’ या शब्दांत ‘स्त्रीमधील’ हा शब्द कशाच्या आधारावर बसवलाय? बिघाड दोघांच्या मधल्या जागेत असू शकतो. पण दवाखान्यातली फाइल एकाच्या नावाने निघते. कायदाही तसाच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२प्रमाणे, समोरच्याच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झाला नसेल तर विवाह रद्द करता येतो. म्हणजे कोर्टात उभं राहून दोघांपैकी एकाला बिघडलेला ठरवल्याशिवाय या कलमाखाली सुटका नाही.

यावर कुणी विचारेल, मग लग्नाआधी सांगून का टाकत नाहीत? उंची, गोत्र, पगार, मांसाहार चालतो का, एवढं सगळं बायोडेटात असतं. माझं मत सरळ आहे. ज्याला ठाम माहीत आहे की आपल्याला यात रस नाही, किंवा आपल्याला विरुद्धलिंगी माणसाबद्दल ओढच नाही, त्याने ते लपवून लग्न करणं ही फसवणूक आहे, आईवडिलांचा दबाव कितीही असो. पण नुसती धास्ती असलेल्या, कधी काही करून न पाहिलेल्या मुलामुलींनी काय सांगायचं? त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. ज्या समाजात माहिती घेण्याची सोय नाही, तिथे माहिती देण्याची सक्ती कशी करणार?

सोय करायचा प्रयत्न एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी केला होता. र. धों. कर्वे. गणिताची प्राध्यापकी गेली, तरी १९२७पासून १९५३ला मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचक प्रश्न पाठवायचे, हे उत्तरं द्यायचे, ना उपदेश, ना गुलाबपाणी. त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मला त्या खटल्यात सर्वांत महत्त्वाचं पात्र वाटतं ते पत्र लिहून विचारणारं. त्याचं नाव कुठे नाही, पण त्याला ‘मला असं होतं, हे काय आहे?’ एवढं वाक्य लिहिता आलं. माझ्या मैत्रिणीला इंजिनिअरिंगची पदवी आणि अनलिमिटेड डेटा असूनही ते चौदा महिने लिहिता आलं नाही.

१९९२च्या त्या सर्वेक्षणातले सातही प्रश्न मी मध्यंतरी मराठीत करून पाहिले, नुसतेच, कुठल्या कामासाठी नाही. सातही प्रश्न ‘तुम्हाला’वरून सुरू होतात. मी शेवटी आठवा जोडला. ‘तुमच्या जोडीदाराला हे माहीत आहे का? होय / नाही.’ शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना दाखवला. त्या वयाने माझ्या आईएवढ्या, प्रश्नावल्या तपासण्यात मुरलेल्या. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, “दोन पर्यायांत नाही बसायचं गं हे. ‘त्यांनी कधी विचारलं नाही’, असा एक तिसरा ठेव.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि ‘मी कधी विचारलं नाही’, असा चौथा.”